मुलांच्या चॅटवरून घराचं इंटरनेट कसं निवडावं?

आमच्या घरी इंटरनेटची कंपनी बदलायचा विषय आजवर तीनदा निघाला आणि तिन्ही वेळा तो मुलांनी काढला. पहिल्यांदा मुलगी आठवीत होती. लॉकडाउनमुळे शाळा ऑनलाइन होती आणि शाळा संपल्यावर मैत्रिणींचा ग्रुप कॉलही ऑनलाइनच. "बाबा, सगळ्यांचं नीट चालतं, माझाच आवाज तुटतो," असं ती रोज रात्री नऊच्या सुमारास सांगायची. मी कंपनीच्या ॲपवर स्पीड बघितला, शंभरच्या जवळपास आकडा दिसला आणि विषय मिटवला. तिचं म्हणणं खरं होतं हे कळायला दोन महिने लागले. मी पाहिलेला आकडा डाउनलोडचा, म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणाऱ्या वेगाचा होता. तिचा आवाज जात होता अपलोडवरून, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या वाटेने, आणि रात्री नऊला त्याचा वेग दीड एमबीपीएसच्याही (सेकंदाला दीड मेगाबिट) खाली यायचा. त्या दोन महिन्यांत ती ग्रुपमध्ये बोलेनाशीच झाली होती, नुसती ऐकत बसायची. मला ते अजून लागतं.

तेव्हापासून सोसायटीतल्या बऱ्याच घरांना लाइन निवडायला मदत केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: घरातल्या लाइनीची सगळ्यात कडक परीक्षा मुलांच्या गप्पाच घेतात. सिनेमा बघताना ॲप पुढचा भाग आधीच भरून ठेवतं, त्यामुळे लाइन पंधरा-वीस सेकंद अडखळली तरी आपल्याला पत्ता लागत नाही. बोलताना पुढचं काही साठवून ठेवता येत नाही. शब्द निघाला की तो तिकडे पोचायला हवा. आवाजाच्या कॉलमध्ये एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे गेलं की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. मुलांच्या गप्पा बरोबर संध्याकाळी आणि रात्री रंगतात, म्हणजे अख्खी इमारत लाइनीवर असते तेव्हा. म्हणून पोरगं "नेट बेकार आहे" म्हणालं, तर ते आधी ऐकून घ्यावं.

मुलांच्या गप्पांनी घराची लाइन ठरवणं तसं नवं नाही. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. त्याच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ वापर मोफत होता आणि तो प्लॅन बऱ्याच घरांत कॉलेजातल्या मुलांच्या आग्रहाने आला. पुढे मोबाइलवर "माझ्या ग्रुपमधले सगळे याच नेटवर्कवर आहेत" हा खरा, पैशाचा मुद्दा होता. अगदी ऑक्टोबर २०१९ मध्येसुद्धा जिओने दुसऱ्या नेटवर्कवरच्या कॉलला मिनिटाला ६ पैसे लावले होते. ते १ जानेवारी २०२१ पासून थांबले. आज व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, डिस्कॉर्ड कुठल्याही लाइनीवर सारखंच चालतं, त्यामुळे मित्रांची तीच कंपनी आपली असण्यात थेट फायदा उरलेला नाही. मित्रांकडून मिळते ती माहिती, आणि ती कशी वापरायची हे पुढे सांगतो.

पहिली पायरी: आठवडाभर तक्रार लिहून घ्या

"नेट गेलं" या दोन शब्दांत चार-पाच वेगवेगळे आजार लपलेले असतात. एक वही घ्या आणि मुलालाच लिहायला सांगा: तारीख, वेळ, कुठल्या खोलीत, काय करत होतो, नेमकं काय झालं. सात दिवस पुरेत.

सगळ्यात सोपी खूण व्हॉट्सॲपमध्येच आहे. मेसेजशेजारी छोटं घड्याळ दिसत असेल, तर मेसेज अजून आपल्या फोनमधूनच बाहेर पडलेला नाही. दोष आपल्या बाजूचा. एक करडी टिक आली म्हणजे मेसेज सर्व्हरपर्यंत गेला, पण समोरच्याच्या फोनवर उतरला नाही. त्याचा फोन बंद असेल किंवा त्याचंच नेट गेलं असेल. दोन टिका म्हणजे पोचला. एका टिकेवरून घरच्या लाइनीला शिव्या घालणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि घड्याळ दिसत असूनही "तुझ्या मैत्रिणीचंच नेट गेलं असेल" म्हणणारे पालकही.

बाकीच्या खुणा अशा. मजकुराचे मेसेज जातात, पण आवाज तुटतो: अपलोड कमी आहे किंवा लाइन स्थिर नाही. आपल्याला सगळ्यांचं ऐकू येतं, पण त्यांना आपलं नाही: जवळपास नक्कीच अपलोड. मी हेच ओळखलं नव्हतं. व्हिडिओ गोठतो, पण आवाज चालू राहतो: ॲपने आवाज वाचवण्यासाठी चित्र सोडून दिलंय, म्हणजे लाइन आहे, पण अपुरी. फक्त गेममधल्या व्हॉइस चॅटला अडचण येते आणि स्क्रीनवर नॅट "स्ट्रिक्ट" दिसतं: कंपनी एकच सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घराचा पत्ता) अनेक घरांत वाटून देते, त्याचा हा बहुधा परिणाम. प्लॅन मोठा घेऊन तो जात नाही. कंपनीकडे वेगळा आयपी मागावा लागतो, बहुतेकदा जादा पैसे देऊन.

दुसरी पायरी: दोष वायफायचा की लाइनीचा?

ही पायरी टाळू नका. मदतीसाठी मी गेलो त्यांतल्या निम्म्या घरांत कंपनी बदलायची गरजच नव्हती. राउटर टीव्हीमागे किंवा बुटांच्या कपाटात होता आणि मूल दोन भिंतींपलीकडच्या खोलीत.

लॅपटॉप असेल तर कमांडच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरचा पत्ता पिंग करा, म्हणजे तिकडे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते बघा (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१, राउटरच्या मागच्या चिठ्ठीवर असतो), दुसरीत ८.८.८.८, हा बाहेरचा गूगलचा पत्ता. दोन्ही पाच मिनिटं चालू द्या आणि त्याच वेळी मुलाला कॉल लावायला सांगा. आवाज तुटताना राउटरचं पिंगही उड्या मारत असेल, म्हणजे कधी ३ तर कधी ४०० मिलिसेकंद, तर दोष घरातल्या वायफायचा. राउटरचं पिंग शांत आहे आणि दुसरंच उसळतंय, तर दोष बाहेरच्या लाइनीचा. ही एक चाचणी तासभराच्या वादापेक्षा जास्त सांगते. फोनवरही पिंगची मोफत ॲप्स मिळतात.

वायफायचा दोष निघाला तर: राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर आणा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून लांब जातो, पण इमारतीतल्या प्रत्येक घराचा राउटर त्याच पट्ट्यावर गर्दी करतो. ५ गिगाहर्ट्झ जवळच पोचतो, पण मोकळा असतो. मुलाची अभ्यासाची जागा राउटरच्या खोलीत किंवा लगतच्या खोलीत असेल तर त्याचा फोन ५ वर ठेवा. जुन्या दगडी वाड्यात किंवा जाड भिंतींच्या घरात दुसरा राउटर वायरने जोडणं हाच खात्रीचा उपाय.

आणखी एक दडलेला चोर आहे: फोटोंचा बॅकअप. घरातल्या तीन-चार फोनांचे फोटो आणि व्हिडिओ वायफाय मिळताच वर चढायला लागतात, अपलोड भरून जातं आणि मुलाचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. फास्ट डॉट कॉम या साइटवर चाचणी करून जादा माहितीचं बटण दाबलं की अपलोडचा वेग दिसतो, शिवाय लाइन मोकळी असतानाचा उशीर आणि भरलेली असतानाचा उशीर वेगवेगळा दिसतो. मोकळी असताना १५ आणि भरल्यावर ३०० असेल, तर आधी सगळ्यांचे बॅकअप पहाटे किंवा दुपारी करून बघा. फरक पडला तर पैसे वाचले.

तिसरी पायरी: गरज मोजा

मजकुराचा मेसेज म्हणजे काही केबी, दखल घेण्याजोगासुद्धा नाही. आवाजाच्या कॉलला शंभरेक केबीपीएस, म्हणजे ०.१ एमबीपीएस, पुरतात. व्हिडिओ कॉलला बरा दर्जा हवा असेल तर एक ते दोन एमबीपीएस, दोन्ही दिशांनी. आता घरातली सगळ्यात गजबजलेली वेळ डोळ्यांसमोर आणा: मुलगी मैत्रिणींशी व्हिडिओवर, मुलगा गेममध्ये बोलतोय, आई ऑफिसच्या मीटिंगमध्ये, आजी अमेरिकेतल्या नातवाशी. सगळं मिळून अपलोड सात-आठ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी ३० किंवा ४० एमबीपीएसची स्थिर फायबर लाइन चार जणांच्या गप्पांना पुरून उरते. ३०० चा प्लॅन घेतल्याने तुटणारा आवाज जोडला जात नाही, हे मी माझ्या पैशांनी शिकलोय.

जाहिरातीतले आकडे मेगाबिटमध्ये असतात आणि फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये. आठाने भागा: १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट.

चौथी पायरी: मुलांच्या ग्रुपलाच पाहणी करू द्या

या कामात मुलांइतकी चांगली माणसं नाहीत. कुठल्या विंगमध्ये कुणाचा आवाज रोज तुटतो, पाऊस लागला की कोण सगळ्यात आधी गायब होतं आणि कोण शेवटपर्यंत टिकतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. कंपनीचा विक्रेता हे कधीच सांगणार नाही.

मुलाला ग्रुपवर पाच प्रश्न टाकू द्या. तुमच्याकडे कुठली लाइन आहे? रात्री नऊ ते अकरा कशी चालते? गेल्या पावसाळ्यात किती दिवस बंद होती? बिघाड झाल्यावर माणूस किती वेळाने आला? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: ही कंपनी सोडून कुणी गेलंय का, आणि का? आकडा हवा असेल तर प्रत्येकाने एकाच रात्री साडेनऊला चाचणी करून अपलोड आणि भरलेल्या लाइनीचा उशीर टाकावा. डाउनलोडचा स्क्रीनशॉट मिरवायला चांगला असतो, निवडीला त्याचा उपयोग थोडा.

पण इथे पालकाने लक्ष ठेवायचं ते वेगळ्या कारणासाठी. ग्रुपमधल्या वजनदार मुलाकडे जी कंपनी असते, तिचंच कौतुक सगळीकडे पसरतं आणि महिन्याभरात चार घरं तिकडे वळतात. ते घर कदाचित दुसऱ्या इमारतीत असेल, तिथे फायबर जमिनीखालून आली असेल आणि तुमच्याकडे ती वडाच्या फांदीवरून लोंबकळत येत असेल. एकाच कंपनीची लाइन दोन गल्ल्यांत दोन तऱ्हांनी चालते. फायबरच्या एकाच धाग्यावर बत्तीस किंवा चौसष्ट घरं वाटलेली असतात. तुमची वाटणी किती भरलीये, हे तुमच्या जिन्यातलं मूलच सांगेल, पलीकडच्या चौकातलं नाही. म्हणून आपल्याच विंगमधल्या उत्तरांना दुप्पट वजन द्या.

मुलाला कंपनी का हवी आहे, हेही प्रेमाने विचारा. "सगळ्यांकडे तीच आहे" हे उत्तर आलं तर रागावू नका. गप्पांच्या बाहेर पडण्याची भीती त्या वयात खरी असते. फक्त ती भीती एक गोष्ट आणि लाइनीचा दर्जा दुसरी, हे त्याच्यासोबत बसून वेगळं करा.

ग्रुपचा आणखी एक उपयोग आहे. तुम्हाला हवी असलेली कंपनी सोसायटीत नसेल, तर एकट्याच्या अर्जाला कुणी विचारत नाही. आठ-दहा घरांनी मिळून मागणी केली, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून परवानगीचं पत्र घेतलं, की वितरणाचा डबा इमारतीत येण्याची शक्यता बरीच वाढते. आमच्याकडे हे पालकांच्या बैठकीत जमलं नव्हतं, मुलांच्या ग्रुपमधून एका रविवारी जमलं.

पाचवी पायरी: लाइन कुठून येते ते बघा

थेट घरापर्यंत फायबर येत असेल तर तीच घ्या. घरातल्या फायबरच्या डब्यावर पॉनचा (PON) हिरवा दिवा म्हणजे जोडणी ठीक. एलओएसचा (LOS) लाल दिवा लागला की बाहेर फायबर तुटली आहे किंवा दबली आहे, राउटर बंद-चालू करून उपयोग नाही.

स्थानिक केबलवाला बहुतेकदा मोठ्या कंपनीचा फ्रँचायझी असतो किंवा स्वतःची लाइन देतो. काही ठिकाणी फायबर फक्त गच्चीवरच्या स्विचपर्यंत येते आणि तिथून साधी वायर घरात. मग तुमच्या राउटरला बॅटरी बॅकअप असला तरी गच्चीवरच्या स्विचची वीज गेली की नेट गेलं. हे आधी विचारा. मात्र चांगला केबलवाला रात्री दहाला शिडी घेऊन येतो आणि त्याची किंमत कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते. लोंबकळत्या वायरी ही आपल्या शहरांची जुनी दुखणी आहेत: पावसाळ्यात फांदी पडते, गणपतीत उंच मूर्तीच्या वाटेतल्या वायरी उतरवल्या किंवा कापल्या जातात आणि त्या आठवड्यात मुलांचे ग्रुप अर्धे रिकामे दिसतात.

छतावर अँटेना लावून ५जीवर चालणारी सेवाही आहे. जिओ एअरफायबर १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीच्या दिवशी, मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू झाली. फायबर पोचत नाही अशा घरांना हा मोठा आधार आहे. पण यात अपलोड सहसा डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि टॉवरवरची गर्दी रात्री जाणवते. गप्पा हीच मुख्य गरज असेल, तर शेजारच्या घरात रात्री बसून चाचणी घेतल्याशिवाय ठरवू नका.

आखातात राहणाऱ्या मराठी घरांसाठी मुद्दा आणखी वेगळा आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर मेसेज जातात, पण कॉल लागत नाहीत. तिथे बोटिमसारखी परवाना असलेली ॲप्स चालतात. तेव्हा दुबईतल्या नातवंडांशी बोलायचं असेल, तर सांगलीतल्या आजी-आजोबांच्या फोनमध्येही तेच ॲप टाकून, एकदा समोर बसून शिकवून ठेवा.

सहावी पायरी: पैसे

जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी धरा. ₹६९९ चा प्लॅन ₹८२५ च्या आसपास जातो. जोडणीचा खर्च, राउटरची अनामत आणि ती परत मिळण्याची अट लेखी घ्या. "अमर्याद" म्हणजे बहुतेक ठिकाणी महिन्याची मर्यादा असतेच, अनेक मोठ्या प्लॅनमध्ये ती ३,३०० जीबी असते. गप्पांनी ती कधी भरत नाही, सिनेमांनीही क्वचितच. ओटीटीच्या भेटींसाठी महाग प्लॅन घेण्याआधी ते ॲप घरात कोण बघणार आहे, हे विचारा.

वर्षभराचे पैसे एकदम भरू नका. आधी एक महिना, जमलं तर तीन. आमच्या दुसऱ्या कंपनीला मी सवलतीच्या मोहाने बारा महिन्यांचे पैसे दिले आणि चौथ्या महिन्यापासून रोज रात्री लाइन बसू लागली. उरलेले पैसे परत मिळाले नाहीत.

सातवी पायरी: जोडणीचा दिवस आणि पुढचे पंधरा दिवस

जुनी लाइन लगेच बंद करू नका. दोन्ही पंधरा दिवस सोबत चालू द्या. तंत्रज्ञ आल्यावर डबा कुठे बसवायचा हे तुम्ही सांगा, दाराजवळ वायर सोपी पडते म्हणून तिथेच नको. तो जाण्याआधी राउटरचा ॲडमिन पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड दोन्ही बदलून घ्या. मोबाइल नंबर हाच पासवर्ड ठेवून जाण्याची पद्धत सर्रास आहे. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस राउटरला आणि फायबरच्या डब्याला लावा. वीज गेल्यावर मुलाचा चालू कॉल तुटत नाही आणि परीक्षेच्या दिवसांत तर हा यूपीएस लागतोच.

मग पुन्हा तीच वही. रोज रात्री साडेनऊला चाचणी, आणि मुलाचा शेरा: आज बोलणं झालं का? पंधरा दिवसांत दोनपेक्षा जास्त वाईट रात्री आल्या, तर मी कंपनीला एक संधी देतो, दुसरी देत नाही.

लाइन नीट चालू लागली की पालकांना दुसरी काळजी लागते: आता हा रात्रभर बोलत बसेल. बहुतेक राउटरमध्ये ठरावीक उपकरणाला ठरावीक वेळी बंद ठेवायची सोय असते. ती मुलाला सांगून, वेळ दोघांनी मिळून ठरवून लावा. लपून लावलीत तर ते मोबाइल डेटावर जाईल आणि बोलणंही तुमच्यापासून लपवेल. लहान मुलं असतील तर राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ घाला, क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा अश्लील आणि घातक साइट अडवते. चॅट मात्र वाचू नका. पैसे तुम्ही भरता म्हणून त्याच्या मैत्रीवर तुमचा हक्क येत नाही. त्याऐवजी दोन नंबर त्याला पाठ करून द्या: ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३०, आणि कुणी त्रास दिला, धमकावलं, तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

तक्रार करताना

फोनवर बोलून थांबू नका, तक्रारीचा क्रमांक घ्या आणि वहीत लिहा. "नेट स्लो आहे" म्हणाल तर समोरचा डाउनलोड तपासून "सर, स्पीड बरोबर येतोय" म्हणेल आणि तक्रार बंद करेल. असं सांगा: "रात्री नऊ ते अकरा अपलोड दीडवर येतो, राउटरचं पिंग स्थिर आहे, बाहेरचं ३०० च्या वर जातं, गेल्या सात दिवसांचे आकडे माझ्याकडे आहेत." मग फोन वरच्या माणसाकडे जातो. तिथेही सुटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं असतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. पैशांचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

हा फोन शक्यतो मुलालाच लावू द्या, तुम्ही शेजारी बसा. आमच्या तिसऱ्या लाइनीची तक्रार धाकट्याने केली, तो तेव्हा नववीत होता. वही समोर ठेवून त्याने सात रात्रींचे आकडे न अडखळता वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला, जिन्यातल्या डब्यात मुडपलेली फायबर त्याने सरळ केली, आणि रात्री नऊला हॉस्टेलवरच्या ताईचा कॉल सलग पाऊण तास चालला.